काळपुळीचा संशय

मी मुळात संशयी माणूस. वाण्यानं हसून माप घातलं तरी मला काटा खोटा वाटतो. आई म्हणायची, मन चिंती ते वैरी न चिंती. लढाईच्या दिवसांत मी सांगलीच्या एका इस्पितळातल्या प्रयोगशाळेत कामाला लागलो आणि तिथं मात्र हा दुर्गुण खपून गेला.

रोग्याच्या अंगातून काढलेला मांसाचा तुकडा मेणात बसवायचा, कागदाहून पातळ काप काढायचे, काचेवर चिकटवायचे आणि रंगवायचे, हे आमचं काम. जंतू शोधायचे असले की आधी जांभळा रंग, त्यावर आयोडीन, मग स्पिरिटनं धुणं. काही जंतू जांभळा रंग सोडत नाहीत. काही सोडतात आणि मागून दिलेला तांबडा घेतात. धुताना हात जरा रेंगाळला की सगळंच बिघडतं, म्हणून मी कुणाच्याच हातच्या काचेवर विश्वास ठेवत नसे. स्वतःच्याही नाही.

एका उन्हाळ्यात दुष्काळी माण तालुक्यातला एक मेंढपाळ आला. कोपराखाली काळी खपली धरलेलं गळू, भोवती सूज. त्याच्या तुकड्याचे काप रंगवून पाहिले तर जांभळ्या लांबट कांड्याच कांड्या, एकापुढे एक लागलेल्या. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि म्हणाले, "काळपुळी." मेंढरांकडून माणसाला होणारा, जीव घेणारा रोग. त्यांनी इंजेक्शनं सुरू केली आणि मेंढ्या जिथं होत्या त्या मळ्यात निरोप धाडला.

मेंढपाळाची बायको कळप घेऊन कृष्णेकाठच्या एका मळ्यात उतरली होती. आमच्याकडे शेतकरी रानात मेंढ्या बसवून घेतात. लेंडीखत रानाला मिळतं, धान्य मेंढपाळाला. काळपुळी म्हटल्यावर त्यांना कोण थारा देणार? माणला माघारी न्यावं तर तिथं उन्हाळ्यात गवताची काडी नाही. निम्मा कळप वाटेतच पडला असता.

मी आधी मेंढपाळावरच संशय घेतला. "खरं सांग, मेंढ्या मेल्यात ना?"

"एक बी न्हाई, सायेब. बाबळीचा काटा शिरला, त्येच्यावर बिब्बा घातला. मेंढरं लय झ्याक हायती."

लपवतोय, असं मी मनात म्हटलं. बिब्ब्यानं कातडी काळी पडते हे मला ठाऊक होतं, पण कांड्यांचं काय? पुन्हा काच लावून बसलो. आणि मग दुसराच संशय आला. कांड्या मांसाच्या कडेबाहेर, कोऱ्या काचेवरही होत्या. भिंग वरखाली केलं तर मांस स्पष्ट दिसलं की कांड्या पुसट, कांड्या स्पष्ट झाल्या की मांस पुसट. त्या मांसात नव्हत्याच, मांसाखाली होत्या.

मांसाखाली असते ती चिकटवण. त्यासाठी अंड्याचं पांढरं वापरायची रीत. पण ते काम आमच्यातल्या वडीलधाऱ्या सहकाऱ्यांकडे होतं. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. अण्णा जैन, अंडं फोडणं त्यांच्याच्यानं होईना. ते घरून तांदळाची खळ करून आणत, नासू नये म्हणून आत कापराचा खडा टाकून. कित्येक वर्षं कुणाची तक्रार नव्हती. मी बाटलीला नाक लावलं तर आंबूस वास.

"अण्णा, कापूर घातला होता?"

"मिळतोय कुठं? जपानशी लढाई लागल्यापासनं देवापुढं लावायला नाही."

मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "मांस नको. नुसती खळ लावून काच रंगव." रंगवली. जांभळ्या कांड्यांची जत्रा भरली होती! मग मी बाजारातून अंडं आणून फोडलं. अण्णा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, मला त्यांची फार दया आली. नव्या कापांत एकही कांडी नव्हती. गोल जंतूंचे घोस होते, म्हणजे साधं गळू.

डॉक्टरांनी मला सायकलवर मळ्यात पिटाळलं. मेंढपाळाच्या बायकोनं बिऱ्हाड घोड्यावर लादलं होतं. मळेवाला काठी घेऊन बांधावर उभा. मी सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "काल हाय म्हनलासा, आज न्हाई म्हनतासा. उद्या काय म्हननार? हिच्या कळपातल्या शेरडाचं दूध पिऊन दावा, मग ऱ्हाऊ देतो मेंढरं."

 बाईनं कळपातली शेळी धरली, तांब्यात धार काढली आणि माझ्यापुढे केली. नव्या काचा मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या, अंडं माझ्या हातानं फोडलं होतं. तरी हात पुढे होईना. बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मला स्वतःचा राग आला आणि त्या रागात मी तांब्या तोंडाला लावला.

मळेवाल्यानं काठी खाली केली. बाई घोड्यावरचं ओझं उतरवायला लागली. तांब्या परत घेताना हळूच म्हणाली, "आवं सायेब, तुमास्नी बी खरं वाटत न्हवतं, व्हय न्हवं?"

"वाटतंय की," मी म्हणालो.

आणि पुढे कितीतरी दिवस, सकाळी उठलो की मी आरशापुढे जीभ काढून उभा राहत होतो.