वावराचा फोटो

पांढरकवड्यात माझ्या फोटो स्टुडिओसमोर एकाचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. महिन्याला एक रोल धुवायला आणायचा. त्यात माणूस एकही नसे, नुसती वावरं. पहिल्या वर्षी फोटोत कापूस इतका पांढराफट आला, की शेतात कोणी चादरी वाळत घातल्यात असं वाटे.

"भाऊ, ऊन लय मारून राह्यलं," म्हणाला आणि हसला. मग उगवतीलाच जाऊ लागला. पण वेचणीआधी बायांनी सीतादही करून वावराला दहीभात दिल्याशिवाय कॅमेरा पिशवीतून काढायचा नाही. उभ्या पिकाला नजर लागते म्हणे.

त्या वर्षांत शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांसाठी कॅमेरेवाले गावोगाव रडते चेहरे शोधत फिरत. त्याला पाहून एका काकूनं तोंडावर पदर ओढला.

"तुमचा नाही काकू, वावराचा काढून राह्यलो."

फोटो द्यायला गेला तेव्हा मीही सोबत होतो.

"कोनाचं हाय हे वावर? लय साजरं हाय."

"तुमचंच."

काकूनं पुन्हा पाहिला, पदर सारखा केला आणि कापसात जाऊन उभी राहिली. "आता माहा काढ."

त्यानं काढला. रोल धुतला, तर काकू बोटभर आणि बाकी सगळं वावर.