होळगी नको, निवडुंग

केलगेरीच्या तळ्याकडे फिरायला गेले की ती मला रोज दिसायची. अळणावरकडची, पन्नाशीची बाई. पदर कमरेला खोचून निवडुंग कापायची. चोरट्यांकडून सोडवून आणलेली, पाठीवर चांदण्या असलेली रानकासवं तिथल्या वनखात्याच्या आवारात ठेवली होती. त्यांना चारण्याचं काम तिच्याकडे होतं. निवडुंग, गवत, रानफुलं सगळं आणायची, पण कधी पुढ्यात ठेवायची नाही. झुडपांखाली पसरायची आणि लांब जाऊन बसायची. मी तिला अक्का म्हणायची, तीही मला अक्काच म्हणायची. नावं विचारायची वेळच आली नाही.

आमच्याकडे कासवाला देवापुढचा मान. म्हणून पाडव्याला मी तूप लावून होळगी, म्हणजे आमच्याकडची पुरणपोळी, नेली. तिनं मला कुंपणापाशीच अडवलं.

"ब्याडा अक्का, नको. गोडानं पोट बिघडतंय ह्यांचं. आन् चटक लागली तर रानात होळगी कोण वाढणार?"

मला रागच आला. नैवेद्याला नको म्हणते म्हणजे काय!

पुढे कासवांना माळावर सोडलं, तेव्हा मीही गेले. बराच वेळ एकही हललं नाही. अक्का पदराचं टोक चावत उभी. मग एकानं मान बाहेर काढली, काटेरी झुडपाखाली शिरून गवत तोडलं. हळूहळू बाकीचीही पांगली.

अक्कानं पदर नीट केला आणि ताठ मानेनं माझ्याकडे पाहिलं.

"बघितलासा? एकानंबी माझ्याकडं वळून बघितलं न्हाई!"