सरांचा एकोणीस नंबर

नव्वदच्या दशकात जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळत होते. युनिक्सचं एकच मोठं मशीन आणि त्याला जोडलेले टर्मिनल, म्हणजे नुसते पडदे आणि कीबोर्ड. मशीनसाठी एसी होता, त्यामुळे उन्हाळ्यात मुलांना अभ्यासाची भारी ओढ लागे.

सिव्हिलचे विभागप्रमुख मेहरूणहून लुनावर येत आणि धरणाच्या भिंतीवरच्या दाबाचं गणित मशीनला लावून देत. ते सुरू झालं की बाकीचे टर्मिनल गपगार. दाबलेलं अक्षर पडद्यावर उमटायचं नावच घेईना. मग सगळं बंद पडल्याचं धुळ्याकडचा एक विद्यार्थी अहिराणीत ओरडून सांगे, "मॅडम, बठ्ठं बंद शे!"

मॅन्युअल चाळताना उपाय सापडला. प्रत्येक कामाला एक आकडा असतो. तो जितका मोठा, तितकं ते काम इतरांना आधी जाऊ देतं. सरांचा आकडा वाढवू का, हे विचारायला मी गेले.

"दहा करू का, सर?"

"बाकीच्यांचा किती आहे?"

"शून्य."

"आणि सगळ्यांत मोठा?"

"एकोणीस. पण सर, इथे मोठा आकडा म्हणजे..."

"मग मला दहा का? मी विभागप्रमुख आहे. एकोणीस करा."

मी पुन्हा तोंड उघडलं, त्यांनी हात वर केला. केला मग एकोणीस.

लॅबमध्ये जीव आला. सरही खूश. येणाऱ्याजाणाऱ्याला पडद्यावरचा आपला आकडा दाखवू लागले. उत्तर काही येईना, तर म्हणाले, "काम मोठं आहे, वेळ लागणारच."

पुढे पुण्याहून मशीन तपासायला इंजिनिअर आला. पडद्याकडे पाहून म्हणाला, "हे एकोणीसवाले कोण? फारच सोशिक दिसतात. सगळ्यांना पुढे सोडून मागे उभे आहेत."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी एसीकडे.

"मॅडम, तुम्ही हेच सांगत होतात का?"

"हो, सर."

"हवं तर उणे करून देतो," इंजिनिअर म्हणाला. "मग सगळ्यांच्या पुढे."

"उणे?" सर दचकले. "माझ्या नावापुढे उणे? छे छे! राहू द्या एकोणीसच."

त्यावर इंजिनिअरनेच तोड काढली: काम रविवारी लावा. लॅबमध्ये दुसरं कुणी नसलं की एकोणीसवाल्यालाही अख्खं मशीन मिळतं. त्या रविवारी सर केळीचे वेफर्स घेऊन आले, आम्ही एसीत बसून ते खाल्ले आणि पुडा संपायच्या आत धरणाचं उत्तर पडद्यावर आलं.