पार्कमावशीच्या शेगडीवरचं दूध

मनमाड स्टेशनात गाडी हलायला लागली आणि नानांनी खिडकीच्या गजांतून दोन कांदे माझ्या हातात कोंबले. चांगले लाल, वाळून खडखडीत झालेले. आई डोळ्याला पदर लावून उभी, आणि मी जर्मनीला निघालेला नवा कोरा इंजिनिअर, ऐन उन्हाळ्यात अंगात लोकरीचा कोट घालून, दोन्ही हातांत कांदे.

"नाना, जर्मनीत कांदे मिळतात हो," मी म्हणालो.

"मिळत असतील," नाना गाडीबरोबर चालत म्हणाले, "पण उतरल्या उतरल्या कुठं शोधत बसशील?"

नाना येवल्याच्या एसटी डेपोत कारकून होते. त्यांच्या मते जेवण म्हणजे भाकरी, काहीतरी आणि कांदा. त्यातलं 'काहीतरी' रोज बदलतं, कांदा बदलत नाही. फ्रँकफर्टच्या कस्टममधून मी ते कांदे कोटाच्या खिशात दाबून असा बाहेर पडलो, जणू सोन्याची बिस्किटं नेतोय. मग ते माझ्या खोलीच्या खिडकीत बसून राहिले. कापायचा धीर होईना. शेवटी त्यांना हिरवे कोंब फुटले आणि घरमालकीण म्हणाली, "छान झाड आहे."

येवल्याच्या मंडळींना हे ठाऊक आहे, कारण मी प्रत्येक सुट्टीत तिखटमीठ लावून सांगितलंय. माझ्यासारखे बाहेर आलेले असतील त्यांना ते सांगायची गरज नाही. त्यांच्याही खिशात काही ना काही होतंच. आज सांगायचंय ते पुढचं. म्हणजे दुधाचं, काळ्या शेवयांचं आणि आमच्या ईराच्या निघण्याचं.

लग्न झालं, ईरा झाली, ती पाच वर्षांची झाल्यावर आम्ही हायडेलबर्गमध्ये जरा मोठं घर भाड्यानं घेतलं. मी वाल्डॉर्फच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायला जातो. बस दाराशी थांबते एवढ्यावर मी भाळलो. करारात 'क्युशे' लिहिलं होतं. क्युशे म्हणजे स्वयंपाकघर, एवढं जर्मन मला येत होतं. पण जर्मनीत रिकाम्या घराच्या करारात स्वयंपाकघर म्हणजे नुसती खोली असू शकते, हे कोणी सांगितलं नव्हतं. ओटा, सिंक, शेगडी, सगळं आधीचा भाडेकरू उचलून घेऊन गेला होता. भिंतीतून दोन नळ आणि एक वायर बाहेर डोकावत होती.

"अहो," शुभांगी दारात उभी राहून म्हणाली, "ओटा कुठाय?"

"येणार आहे."

"कुठून?"

ओटा यायला पुढं दोन महिने लागले, पण ते नंतर. त्या दिवशी शुभांगीच्या एका हातात पातेली होती आणि दुसऱ्या हातात दुधाचा डबा. नव्या घरात दूध उतू गेल्याशिवाय ती त्या घरात झोपणार नव्हती. देवधर्माचं तिचं फारसं काही नाही, पण दुधाच्या बाबतीत ती ऐकत नाही. मी मेणबत्तीवर तापवू म्हणालो. ती माझ्याकडे पाहतच राहिली. त्या पाहण्याला जर्मनमध्ये शब्द नाही, मराठीत बरेच आहेत.

आमच्या घराच्या बरोबर खाली एक छोटं कोरियन-चिनी नूडल्सचं दुकान. सहा टेबलं, प्लॅस्टिकची मेनूकार्डं, दारात मनीप्लांट. दुपारची जेवणं संपली होती. शुभांगी पातेली घेऊन सरळ आत शिरली, मागे मी, माझ्या मागे ईरा. मालकीण पार्कबाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, ॲप्रनच्या खिशात कायम कात्री. त्यांचा नवरा आत कढईपाशी असतो, बाहेर फारसा येत नाही. मी दूध दाखवलं, शेगडीकडे बोट केलं. बाई ईराकडे पाहून मान डोलावत आम्हाला आत घेऊन गेल्या. पोरीला दूध गरम करून हवंय, असं त्यांना वाटलं.

दूध वर यायला लागलं. पार्कबाई बटणाकडे झेपावल्या. शुभांगीनं त्यांचं मनगट धरलं आणि चक्क मराठीत ओरडली, "नको, नको, उतू जाऊ दे!"

दूध गेलं उतू. चर्र आवाज, जळका वास. नवरा हातात झारा घेऊन आतून आला. मी माझ्या त्या वेळच्या जर्मनमध्ये खुलासा केला: आमच्याकडे नवीन घर, दूध बाहेर, मग नशीब आत.

पार्कबाईंनी शेगडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पण घर तर माझं आहे," त्या म्हणाल्या.

हे आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. शुभांगीनं डोक्याला हात लावला. आणि बाई हसत सुटल्या, ओट्याला धरून हसल्या. मग आम्हाला टेबलापाशी बसवत म्हणाल्या, "घर बदललंत ना? मग आमच्याकडचंही झालं पाहिजे." कोरियात घर हलवायच्या दिवशी चूल खोक्यात असते, म्हणून सगळे मिळून बाहेरून काळ्या नूडल्स मागवतात आणि खोक्यांमध्ये बसून खातात. असं केल्याशिवाय घर बदललं असं वाटतच नाही म्हणे.

वाडगे आले. खाली पांढऱ्या जाड नूडल्स, वर काळीकुट्ट चकचकीत चटणी. पहिल्यांदा पाहून मला नानांच्या डेपोतलं ग्रीस आठवलं. शुभांगी डुक्कर खात नाही म्हणून तिच्यासाठी नुसत्या बटाटा-कोबीचं केलेलं. त्या पदार्थाचं खरं नाव चाजांगम्यॉन की काहीतरी आहे; मला आजही ते एका दमात म्हणता येत नाही. आमच्या घरात त्या काळ्या शेवया. आणि शेजारी एका बशीत, न मागता, चिरलेला कच्चा कांदा.

तुम्हाला सांगतो, या देशात हॉटेलात साधं पाणी मागितलं तरी वेटर विचारात पडतो. तिथं कच्चा कांदा, मागितल्याशिवाय, आणि संपला की पुन्हा. मला एकदम मनमाडचा फलाट दिसला. मी नाक ओढलं. शुभांगी म्हणाली, "कांद्यानं होतंय." मीही तेच धरून ठेवलं.

या शेवया खायच्या आधी नीट कालवाव्या लागतात, नाहीतर वर काळं आणि खाली पांढरं राहतं. ईराच्या हाताला ते जमेना, म्हणून मी तिचा वाडगा ओढला आणि वरणभात कालवतात तसं कालवून दिलं. म्हणजे काट्यानं, पाचही बोटं घालणार होतो, शुभांगीनं आवरलं. काटाही साधा नव्हता. कोरियन काड्या स्टीलच्या आणि बुळबुळीत, माझ्या हातून पहिल्या मिनिटात जमिनीवर गेल्या. पार्कबाईंनी मला लहान मुलांचा काटा दिला, मुठीवर अस्वल असलेला. त्याला आता तेरा-चौदा वर्षं झाली. ईरा काड्यांनी शेंगदाणा उचलते. माझ्यापुढे अजून न बोलता अस्वल येतं.

ओटा येईपर्यंत आम्ही रोज खालीच जेवलो आणि ओटा आल्यावर दर गुरुवारी. मी एकदा मंचुरियन मागितलं. पार्कबाई म्हणाल्या, हे काय असतं? मी म्हणालो, चिनी. आतून नवऱ्याचा आवाज आला, चीनमध्ये असलं काही नसतं. मग मी त्यांना येवल्याच्या चौकातली लाल चायनीजची गाडी वर्णन करून सांगितली, कढईतली आग, शेजवान चटणी, सगळं. बाईंनी शांतपणे ऐकलं. "आमचंही तसंच," त्या म्हणाल्या. "चिनी लोक येतात, म्हणतात हे कोरियन. कोरियन म्हणतात हे चिनी. जर्मन विचारतात, तिखट आहे का?" त्यांच्या नवऱ्याचे आजोबा चीनमधून कोरियात आले होते, ते आपल्याबरोबर पाककृती घेऊन, तिथं ती बदलली आणि आता इथं आली. मला त्या काळ्या शेवयांबद्दल एकदम भाऊबंदकी वाटायला लागली. भांडणातली नव्हे, दुसरी.

ईरा त्यांना 'इमो' म्हणायला शिकली. इमो म्हणजे मावशी. कोरियात खाणावळीतल्या बाईला मावशीच म्हणतात, हे कळल्यावर शुभांगी म्हणाली, "मग ही माणसं आपलीच." तेव्हापासून पार्कमावशी. दुकान गच्च भरलं की मावशी कढईकडे बोट दाखवून शुभांगीला म्हणायची, "तुझं दूध!" म्हणजे आमचं नशीब तिच्याच शेगडीत पडलं, हा हिशेब तिनं पक्का केला होता.

ईरा अशी वाढली. आम्ही मराठीत विचारायचं, तिनं जर्मनमध्ये उत्तर द्यायचं. "जेवलीस का?" "या, शोन." म्हणजे हो, कधीच. येवल्याहून नानांचा व्हिडिओ कॉल आला की "नमस्कार आजोबा" आणि मग माझ्याकडे फोन. तिला सगळं समजतं, हे मी सगळ्यांना सांगतो. कितपत आणि काय समजतं, हे मला कधी धड कळलं नाही. आणि या वर्षी तिला कोलोनच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा आनंद झालाच, पण एकच विचार सुटेना: आपण हिच्या पिशवीत काही घातलंय का? आता घालायला जागा मिळणार नाही.

म्हणून मी ठरवलं की निघायच्या दिवशी मी काळ्या मसाल्याचं मटण करणार. आमच्याकडचं, खोबरं कांदा जाळून वाटलेलं. पोरीच्या जिभेवर शेवटी घराची चव असली पाहिजे.

"बाबा, उमत्सुग आहे ना," ईरा म्हणाली. म्हणजे सामान हलवायचा दिवस. हे तिनं त्यातल्या त्यात मराठीत म्हटलं. "डान काळ्या शेवया. इस्ट डोख क्लार." मग काळ्या शेवया, उघडच आहे की, असं.

मला फार लागलं. शुभांगी म्हणाली, "अहो, काळा मसाला काय, काळी चटणी काय."

"तू तर बोलूच नकोस," मी म्हणालो.

त्यात निघायचा दिवस सोमवार, आणि सोमवारी दुकानाला रुहेटाग, आठवड्याची सुट्टी. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोला. मी सकाळी उठून मटण शिजवलं आणि डब्यात भरलं. खाली उतरतो तर दुकानाचं शटर अर्धं वर, आणि पार्कमावशी दारात. "रुहेटाग गिऱ्हाइकांना," ती म्हणाली. चटणी वेगळ्या डब्यात, नूडल्स कच्च्या, कारण शिजवून नेल्या की फुगतात. तिथं उकळायच्या. वर कांद्याची डबी, काड्यांच्या दोन जोड्या आणि अस्वलाचा काटा.

"तो परत आणा," ती मला म्हणाली.

तिनं ईराला जवळ घेतलं आणि दोघी कोरियनमध्ये काहीतरी बोलल्या. माझ्या मुलीला कोरियन येतं हेही मला त्या दिवशीच कळलं.

कोलोनमध्ये ईरा आणखी तीन मुलांबरोबर एका घरात राहणार आहे, एकेकाला एक खोली, स्वयंपाकघर सगळ्यांचं. खोकी वर नेता नेता माझी पाठ गेली, त्याचा तपशील देत नाही. खोक्यांतून तिला दोन कांदे सापडले. मी कधी टाकले मलाच आठवेना.

"बाबा, कोलोनमध्ये कांदे मिळतात," ती म्हणाली.

"मिळत असतील," मी म्हणालो आणि पुढचं खोकं उघडलं.

शुभांगीच्या पर्समध्ये दुधाचा डबा होता. मी गाडीतच तिला बजावलं होतं: पोरीच्या घरात, नव्या मुलांसमोर तमाशा नको. तिनंही ऐकलं होतं. पर्स मांडीवर धरून ती खोक्यावर नुसती बसून होती. स्वयंपाकघरात ईराची घरसोबती लेना चहा करत होती, उंच, चष्मेवाली, भली मुलगी.

ईरा दारात आली. "आई, वो इस्ट दी मिल्श?" म्हणजे दूध कुठाय.

शुभांगीनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. मग तिनं डबा काढून दिला.

ईरानं भांडं ठेवलं. काचेची सपाट शेगडी होती, ज्वाळा नाही काही नाही. अशा थंड वस्तूवर दूध उतू तरी जातं का, अशी मला शंका होती. दूध वर यायला लागलं. लेना हातातला कप टाकून "आख्टुंग, दी मिल्श!" म्हणत धावली. ईरानं तिचं मनगट धरलं.

"नको, नको, उतू जाऊ दे!"

शब्दन् शब्द तोच, आवाजही तोच. दूध काचेवर पसरलं, शेगडी घाबरून पीं पीं करत स्वतःच बंद पडली. लेना आमच्या तिघांकडे पाळीपाळीनं पाहत होती. ईरानं तिला जर्मनमध्ये सगळं समजावलं: दूध, नवीन घर, आणि इमोच्या शेगडीत पडलेलं आमचं नशीब. तिला ते एवढं नीट ठाऊक आहे, हे मला ठाऊक नव्हतं. शुभांगी पर्समध्ये रुमाल शोधत होती. मी म्हणालो, "कांद्यानं होतंय." कांदा अजून चिरलाही नव्हता.

मग शेवया उकळल्या आणि आम्ही चौघं खोक्यांवर बसून जेवलो. मटणही उघडलं, लेनानं रस्सा दोनदा घेतला, मी तिला दत्तक घ्यायच्या विचारात होतो. ईरानं माझा वाडगा ओढला, काळं-पांढरं एक होईपर्यंत नीट कालवलं आणि अस्वलाच्या काट्यासकट माझ्यापुढे सरकवलं.

परत आलो तर दुकान बंद होतं, रुहेटाग. लोक विचारतात, आता तुमचं घर कुठलं हो? मी येवला म्हणायचो, मग जरा थांबून हायडेलबर्ग म्हणायचो, आणि दोन्ही वेळा थोडं खोटं बोलल्यासारखं वाटायचं. आता मी सांगतो की बाबा, जिथं जिथं आमचं दूध उतू गेलंय तिथं तिथं. त्यात एक शेगडी पार्कमावशीची आहे, त्याला इलाज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईराचा मेसेज आला. काचेच्या शेगडीचा फोटो, मधोमध तपकिरी डाग. खाली जर्मनमध्ये: बाबा, खूप घासलं, डाग जात नाही.

मी मराठीत लिहिलं, असू दे.