पात्यावरची चिंधी

मिरवणुकीत दांडपट्टा फिरतो तेव्हा टाळ्या वाजवता, पण त्याच्या पात्याला चिंधी बांधली आहे का, हे कधी बघितलंत का? नाही ना? मग आमच्या पोशीर गावच्या कोंडीरामाची गोष्ट ऐका, आणि मध्ये बोलू नका.

कोंडीराम आमच्या बौद्धवाड्यातला पट्ट्याचा उस्ताद. भीमजयंतीला वाडवडलांच्या पलटणीची लढाई खेळायची, ही आमची रीत. पुढे लेझीम, मागे हलगी, मधल्या रिंगणात कोंडीराम शिपाई आणि त्याचा मेहुणा दामू काठी-ढाल घेऊन गनीम. पट्टा एकच, कोंडीरामाच्या पलटणीतल्या आज्याचा. लढाईला त्याच्या पात्यावर ओली चिंधी गुंडाळायची. लढाई संपली की ती सोडायची आणि दामूच्या तळहातावरचं लिंबू एका फटक्यात कापायचं. आधी लढाई, मग लिंबू. हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. अंगातच मुरलं होतं.

अडुसष्ट सालच्या जयंतीला एक पाहुणेसाहेब जीपमधून आले. त्यांना नेरळला माथेरानची गाडी धरायची होती. "लिंबाचं तेवढं आधी दाखवा," म्हणाले. आमचे पुढारी लगेच, "दाखव रं कोंडीराम!" साहेब दिसला की कणा वाकतो, ही खोड अजून जात नाही. लिंबू कापलं, जीप गेली. तोवर हलगी कडाडली, लेझीमवाले उसळले, दामू उड्या मारत रिंगणात शिरला. चिंधी कोंडीरामाच्या कमरेलाच खोचलेली राहिली.

दामूच्या उजव्या हाताची दोन बोटं धुळीत पडली.

दामू पुढे डाव्या हातानं भात कापायला शिकला. कोंडीरामानं मात्र पट्टा आढ्याला टांगला तो टांगलाच. जयंतीला तो उंबऱ्यावर बसतो. लांबून हलगी ऐकू आली की त्याचं मनगट आपोआप फिरायला लागतं. त्याची बायको चंद्राबाई बघते आणि मान वळवते. मी एकदा विचारलं, "दादा, खेळायला जात का नाही?"

"मन तिथंच हाय रं. हात भितो."

गेल्या वर्षी दामूच पट्टा खाली काढून त्याच्यापुढे उभा राहिला. "चल, खेळू."

"कुणासंगं?"

"माज्यासंगं. आठ बोटं हायत अजून."

"गप रं, मसण्या!"

"माजी बहीण म्हनते, बसल्या बसल्या मनगट फिरवतो, तर भाकऱ्या तरी थाप म्हनावं."

कोंडीराम हसला. कितीतरी वर्षांनी. मग पट्ट्याकडे न बघता म्हणाला, "रिंगणात एक मानूस उभा करा. चिंधी बगून त्यानं हात वर केल्याबिगर हलगी वाजायची नाय. मग साहेब असो नायतर साहेबाचा बाप. तसं झालं तर येतो."

मी हे जयंतीच्या मंडळात मांडलं. एक शहाणा म्हणाला, "रक्त निघालं नाही तर ती लढाई कसली?" मी तिथेच त्याची गचांडी धरली. अरे, वाडवडलांची लढाई खेळायची आणि आपलीच माणसं कापायची? पण त्या रिंगणात उभं राहायला अजून कुणी तयार नाही. मी राहिलो असतो. पण चिडका म्हणून मला कुणी आत येऊ देत नाही.

हात जोडायची मला सवय नाही. तरी मागतो. येत्या जयंतीला पोशीरला या आणि तो माणूस तुम्ही व्हा. चिंधीची गाठ ओढून बघा, हलगीवाल्याकडे हात वर करा, आणि त्या उंबऱ्याकडे तोंड करून एकदा जोरात हाक मारा: "या, उस्ताद!"