मुलाचं पहिलं भाषण

सौदीतल्या जेद्द्यात, शराफिया भागातल्या एका खानावळीत मी गल्ल्यावर बसतो. तिथे रोज दुपारी एक वयस्कर गृहस्थ डाळ-भात खायला येत. बोलण्याआधी कोटाचं बटण लावायची त्यांना सवय होती. तरुणपणी पुण्यात कायदा शिकल्यामुळे मराठी बऱ्यापैकी बोलत. समुद्रातल्या एका चिमुकल्या देशात ते आधी वकील होते, मग संसदेत विरोधी पक्षाचे नेते झाले. ते मक्केला उमऱ्याच्या यात्रेसाठी म्हणून इथे आले आणि मागे तिकडे लष्कराने सत्ता घेतली. परतले असते, तर थेट तुरुंगात गेले असते.

एके दिवशी ते मोबाइलवर लष्कराने नेमलेली तिथली नवी संसद बघत होते. एक तरुण तावातावाने बोलत होता.

"कोण हो हा, साहेब?"

"माझा मुलगा. आज त्याचं पहिलं भाषण."

"काय म्हणतोय?"

"बापाला देशद्रोही ठरवा म्हणतोय."

"बंद करा ना ते!"

"नको. मुद्दे नीट मांडतोय."

भाषण संपलं, टाळ्या पडल्या. त्यांनी कोटाचं बटण लावलं.

"आता त्याच्या आईला तरी घरात राहू देतील," ते म्हणाले.

पुढेही ते रोज येत. मुलाचं नाव मात्र त्यांनी कधी घेतलं नाही, आणि विचारायचा मला धीर झाला नाही.