परका म्हणून सुटला

पोशेऱ्याचा तुळशीदास आफ्रिकेतल्या मालीतून, ओलीस धरणाऱ्यांच्या तावडीतून सुटून घरी आला, तेव्हा पहिले काही दिवस त्याच्या ओट्यावर माणसं मावत नव्हती. जव्हारहून नातेवाईक आले, पालघरहून कॅमेरेवाले आले. सगळ्यांना एकच विचारायचं होतं, जिहाद्यांनी धर्म बदलायला लावला का. तुळशीदास म्हणायचा, "शेवटी धर्माचा काय नव्हता. गुरांच्या वाटंचा भांडन होता." हे उत्तर कोणालाच नको होतं. हळूहळू माणसं येईनाशी झाली.

तुळशीदास विजेच्या मनोऱ्यांवर तारा ओढणारा. जव्हारच्या आयटीआयमधून वायरमन झाला, मग गुजरात, छत्तीसगड आणि ठाण्याच्या एका ठेकेदारामार्फत आफ्रिका. उंचावर काम करायला त्याला मनापासून आवडायचं. वर कोणी हाक मारत नाही, म्हणायचा. बायको जयवंती खाली नागलीचं शेत बघायची.

मालीत त्यांच्या गाडीवर बकारी नावाचा ड्रायव्हर होता. मोठ्या दातांचा, गाडी चालवताना गाणारा, मुसलमान शेतकरी घरातला. त्याने तुळशीदासला आपली भाषा शिकवली. पाण्याला ते 'जी' म्हणतात हे कळल्यावर तुळशीदास पोट धरून हसला होता. वर्षभरात दोघांचं तोडक्यामोडक्या भाषेत सगळं बोलणं होऊ लागलं.

कामावरून परतताना मोटारसायकलींवरच्या बंदूकधाऱ्यांनी त्यांची गाडी अडवली. दोघांना डोळे बांधून नेलं.

टोळीचा म्होरक्या अल्जीरियाचा होता, त्या मुलखाशी त्याचा काही संबंध नव्हता. तो रोज भाषण द्यायचा. त्यात सगळ्या जगाची लढाई असायची, कुठल्या कुठल्या देशांची नावं असायची. समोर बसलेले पोरगेले सैनिक जांभया दाबत ऐकायचे. त्याने तुळशीदासला कॅमेऱ्यासमोर गुडघ्यावर बसवलं, मागे काळं फडकं लावलं आणि हा काफिर आहे, याचं काय करायचं ते आम्ही ठरवू, असं कॅमेऱ्याकडे बघून बोलला. मग बकारीकडे वळून म्हणाला, "तू आपल्यातला आहेस. यांची नोकरी केलीस त्याची तोबा कर आणि घरी जा."

तुळशीदासला तेव्हा सडकून ताप भरला होता. डोकं उचलवत नव्हतं. बकारीने त्याच्याकडे पाहिलं आणि म्होरक्याला सांगितलं, "हा उभा राहीपर्यंत थांबतो. मी गेलो तर हा मरेल. मेलेला तुमच्या काय कामाचा?"

म्होरक्याने खांदे उडवले. बकारी राहिला. बाजरीची पातळ पेज तो तुळशीदासला बोटाने चाटवायचा. तुळशीदासला वाटायचं, आपण घरी आहोत आणि जयवंती आंबील भरवतेय.

इकडे जयवंती आणि तिचा भाऊ देवराम कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत होते. "माळी समाजाचा आहे का?" एका कारकुनाने विचारलं. देवरामने देशाचं नाव आहे म्हणून समजावलं. कारकुनाने पंख्याकडे बघत, वरून काही कळलं की सांगू, म्हणून सांगितलं. वरून काहीच कळलं नाही. जयवंतीचं लावणीत मन लागेना. एका हंगामाला तिने रोपं काढलीच नाहीत, ती तिथेच पिवळी पडली.

ताप उतरला. तुळशीदास काठी धरून उभा राहू लागला, आणि त्याच सुमाराला आकाशातून आलेल्या बॉम्बने अल्जीरियाचा म्होरक्या मेला.

त्याच्या जागी देंबा आला. देंबा त्याच भागातला, गुरं पाळणाऱ्या फुलानी लोकांतला. त्याचे सैनिक म्हणजे त्याचेच चुलतभाऊ, भाचे. झेंडा तोच राहिला, नमाजही पाच वेळा होतच होती, पण भाषणं बंद झाली. सकाळपासून बाभळीखाली माणसं तक्रारी घेऊन येऊन बसायची. शेतकऱ्यांनी आमच्या गुरांची वाट नांगरली. आमची विहीर बुजवली. देंबा ऐकायचा, साक्षी घ्यायचा, निवाडा द्यायचा. मेलेल्या म्होरक्याने ढोल बंद केले होते. देंबाच्या घरी लग्न निघालं, तेव्हा ढोल वाजले.

तुळशीदासला आशा वाटू लागली. "हा आमच्या सरपंचासारखा आहे," तो बकारीला म्हणाला. "याच्याशी बोलता येईल. आता सुटू आपण."

बकारी म्हणाला, "तो अल्जीरियाचा मला माझा देव विचारायचा. हा मला माझं गाव विचारील."

आणि देंबाने तेच विचारलं. बकारीचं गाव शेतकऱ्यांचं. गुरांच्या वाटेवरून फुलानींशी त्यांचं जुनं वैर, आणि गावाने आता स्वतःची बंदूकधारी राखण उभी केली होती. तिच्यात बकारीचा थोरला भाऊ होता. बकारीने खोटं सांगितलं नाही. सांगून उपयोगही नव्हता, त्याचं आडनाव ऐकूनच तिथल्या पोरालाही गाव कळायचं. त्या दिवसापासून त्याचे पाय बांधले. तुळशीदासचे मोकळे राहिले.

मग त्या राखणवाल्यांनी एक फुलानी वस्ती जाळली. देंबाची मावशी त्यात गेली. देंबाच्या माणसांनी उलट जाऊन दोन गावं जाळली. बाजार बंद पडला. दोन्हीकडची गुरं मरायला लागली, तेव्हा दोन्हीकडचे म्हातारे बाभळीखाली एकत्र बसले. बोलणी लांबत गेली. तुळशीदास लांबून बघायचा. शिव्या, रडणं, मग पुन्हा चहा.

एका दुपारी देंबाने त्याला बोलावलं आणि बकारीच्या भाषेत विचारलं, "तुझ्या तारा इथून गेल्या, तर विहिरीवर पंप चालेल?"

"चालेल."

"मग तू जा. तुझ्या साहेबाला सांग, इथे कामावरच्या माणसांना कोणी हात लावणार नाही. मी शब्द देतो."

तुळशीदासने विचारलं, "आणि बकारी?"

"तो नाही."

"तो पहिल्याच महिन्यात घरी गेला असता. माझ्यासाठी थांबला. मला सोडता, त्याला का नाही?"

"मला माहीत आहे. चांगला माणूस आहे तो."

"मग?"

"ज्यांची वस्ती जळाली, त्या घरांनी तह मान्य केलाय, पण एक जीव मागितलाय. त्यांना नाही म्हटलं तर ते उद्या माझं ऐकणार नाहीत, आणि तह मोडेल. तुझं काय, तू परका. तुझ्या मरण्याने इथे कोणाचं समाधान होत नाही."

तुळशीदासने हात जोडले, त्याचे पाय धरले, त्याच्या जागी मला ठेवा म्हणाला. देंबाला राग आला नाही. त्याने पाय सोडवून घेतले आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

मोटारसायकल आली, तेव्हा तुळशीदास बसेना. शेवटी त्याला चालवणाऱ्याच्या पाठीशी दोरीने बांधलं. बकारी झाडाला टेकून बसला होता. तो एवढंच म्हणाला, "तोंडाला फडकं गुंडाळ. वाटेत फार धूळ आहे."

राजधानीत पोचल्यावरही तुळशीदास लोकांना सांगत होता, अजून वेळ आहे, कोणीतरी बोला. वकिलातीतल्या एका माणसाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की वेळ तो निघाला त्याच दिवशी संपली.

माणसं येईनाशी झाल्यावर तो महिनाभर घरात कोणाशी बोलला नाही. जयवंती समोर ताट ठेवून बसायची, तो भाकरीचा तुकडा मोडून हातातच धरायचा. तिने एकदाच विचारलं, "माझ्यावं रागावलास?" त्याने नाही म्हणून मान हलवली आणि बकारीचं सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "त्याच्या बायकोला फोन कर. मला कोनी केला असता, तर बरा वाटला असता."

बायकोचं नाव सितान. नंबर दुसऱ्या एका ड्रायव्हरकडून मिळाला. तुळशीदासने जमेल तशा शब्दांत सांगितलं, की तुझा माणूस माझ्यामुळे थांबला. तिने ते आधीच ऐकलं होतं. तिने शिव्या दिल्या नाहीत, ती रडलीही नाही. तिने त्याला तिकडची खबर सांगितली. देंबा आता बाजाराच्या दिवशी येतो, बंदूकवाले लांब उभे करतो. विहिरीच्या पाळ्या, शेताचे बांध, सगळं तोच मिटवतो. त्याच्यासोबत पंचांत बकारीचा भाऊही बसतो.

"भाऊ?" तुळशीदासने पुन्हा विचारलं. त्याला वाटलं भाषा चुकली.

"हो. तह झालाय ना," सितान म्हणाली. "देंबा दिसला की मीही सलाम करते. मुलं आहेत मला."

फोन संपल्यावर तो अंगणात उकिडवा बसून राहिला. सितान काय म्हणाली, असं जयवंतीने विचारलं, तर त्याला ते मराठीत सांगता येईना, आणि घरच्या बोलीतही येईना.

गेल्या महिन्यात ठेकेदाराने निरोप धाडला. तिकडे आता शांत आहे, लाइन सुरू करतोय, येतोस का. तुळशीदास नाही म्हणाला. खोडाळ्याचे दोघे जण गेले. ते विचारायला घरी आले होते, की तिकडे काय सांभाळायचं. तो मातीवर रेघा ओढत होता. मग म्हणाला, "तुम्हाला काय व्हायचा नाय," आणि उठून शेताकडे गेला.